दोन खोकी आणि वरची ओळ

दहावीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी मला घरात बसवेना. शाळा नाही, अभ्यास नाही, निकालाला अवकाश. ज्वारी खळ्यावरून घरात आली होती, रानातली कामं उरकत आली होती. हात रिकामे राहिले की माझ्या अंगात काहीतरी वळवळायला लागतं, आणि माझे हात रिकामे आहेत या बातमीनं आमच्या घरात सगळ्यांना धडकी भरायची. आदल्या सुट्टीत मी भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं. ते परत जोडल्यावर चालायचं बरोबर, पण ठोके भलतेच द्यायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. फक्त आपलं मनगटी घड्याळ झोपताना उशाखाली ठेवायला लागले. आई मात्र तोंडावर बोलायची. "सुमे, तुझ्या हाताला कुलूप घालून किल्ली तुळजापूरला धाडायला पायजे." मला अजूनही स्वस्थ बसता येत नाही. परवाच मिक्सर उघडला, आणि सून दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती की मला एकदम आईच आठवली.

आमचं घर येरमाळ्यात, हायवेपासून दोन गल्ल्या आत. घाट चढून आलेले ट्रक तिथं गिअर बदलायचे आणि त्या घरघरीनं मांडणीवरची पितळी भांडी थरथरायची. एसटीचा हॉर्न, गिरणीचा पट्टा, डोंगरावरच्या येडाईच्या देवळातून येणारा संबळ, हे सगळं ऐकत मी वाढले. यातला कुठला आवाज कुठून येतो हे डोळे मिटून सांगायचा मला नाद होता. आणि एक आवाज अगदी जवळचा होता, अंगणातल्या भिंतीपलीकडचा. ती भिंत वाटणीत उठलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे काका आणि कमलकाकू. भिंतीला दार नव्हतं. काकूंकडे जायचं तर गल्लीतून वळसा घालून जावं लागायचं, आणि तसं जायचं कुणाला कारणही उरलं नव्हतं. काकूंच्या बांगड्या, काकूंची भाकरी थापण्याची थाप, काकूंचं शेळीला रागावणं हे सगळं आम्हाला ऐकू यायचं, तसंच आमचंही त्यांना ऐकू जात असणार. पण आई आणि काकू एकमेकींशी बोलत नव्हत्या.

भाऊभाऊ जमिनीवरून भांडले, ते दोन-तीन महिन्यांत निवले. पारावर एकत्र तंबाखू मळायला लागले. दोघी जावांचं भांडण वेगळं होतं. आमच्या घरात देवीची परडी होती. वेताची परडी, कवड्यांची माळ, आणि त्याबरोबर आराधी बायकांच्या मेळ्यात पुढं बसून गाण्याचा मान. माझ्या आजीकडून तो मान रीतीप्रमाणं थोरल्या सुनेकडे, म्हणजे आईकडे आला. आता काकू आजीच्या मांडीला मांडी लावून वर्षानुवर्षं गायलेल्या, सगळी गाणी त्यांना तोंडपाठ. आई उशिरा शिकलेली. काकूंच्या मनाला ते लागलं. वाटणीच्या दिवशी आईनं परडी डोक्यावर घेऊन आमच्या बाजूला आणली, तेव्हा काकूंनी तोंड फिरवलं, ते फिरवलंच. तरी मेळ्याला त्या यायच्या. देवीचं गाणं काही वाटणीत निघत नाही, असं त्या शेजारणीला सांगायच्या, आणि ते भिंतीवरून आम्हालाही ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगायच्या. मेळ्यात आई पुढची ओळ म्हणायची, काकू आणि बाकीच्या बायका झील धरायच्या, म्हणजे तीच ओळ मागून उचलून घ्यायच्या. दोघी अंगाला अंग लावून बसायच्या, गाणं म्हणायच्या आणि गाणं संपलं की दोन वाटांनी घरी यायच्या.

आईचं सगळ्यात नावाजलेलं गाणं म्हणजे डोंगरावरच्या आईला हाक मारायचं. त्यात शेवटाकडे एक ओळ येते ती एकदम वर चढते, आणि तिथंच खेचून धरायची असते. आमच्याकडे तिला वरची ओळच म्हणायचे. आदल्या चैत्रात आमराईत पालखी थांबली असताना आईनं ती ओळ अशी लावली होती की बायकांच्या डोळ्याला पाणी आलं, असं आख्खं गाव सांगायचं. मी त्या दिवशी तापानं घरात पडले होते. पण आईचा एक मावसभाऊ सौदीहून मोठा दोन बाजूंचा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्यानं तो आई आणि काकूंच्या पुढ्यात मधोमध ठेवून सगळा मेळा कॅसेटवर धरला होता. ती कॅसेट आमच्याकडे होती. आमचा टेप मात्र जुना, एका स्पीकरचा, आणि तो स्पीकरही फाटका. त्यावर ते गाणं म्हणजे नुसता कालवा, संबळ आणि माणसं सगळी एका पोत्यात घातल्यासारखी. तरी पाहुणे आले की आप्पा ती कॅसेट लावायचे आणि वरची ओळ आली की सगळ्यांकडे आळीपाळीनं बघायचे, जणू ती ओळ त्यांनीच पेरली होती.

त्या सुट्टीत माझ्या हाताला काम मिळालं ते या कॅसेटमुळं. हायवेवर मैनुद्दीनचाचांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या लेकीच्या लग्नाचं सामान आप्पांनी ट्रॅक्टरनं ओढून दिलं होतं, त्याची आठवण ठेवून त्यांनी एक बिनकवचाचा डेक आम्हाला दिला. वरचा डबा जळालेला, पण आतलं यंत्र शाबूत, आणि त्यातून डावा-उजवा असा दोन बाजूंचा वेगळा आवाज निघायचा. राहिले स्पीकर. चाचांनी माळ्यावरून दोन गोष्टी काढून माझ्यापुढं ठेवल्या. एक ताटाएवढा मोठा स्पीकर, आणि दुसरी दोन लहान स्पीकरांची जोडी. "बेटा, दोनोमेंसे एकच घे. खोकं तू घरी बनव. माजं ऐकशील तर ह्यो मोटा घे. एक बडं खोकं कर, समोर भोक ठेव, आन् दोनी वायरी एकातच जोडून टाक. असा दणका बसंल की शेजारचं दूध फाटंल." शेजारी कोण आहे ते चाचांना ठाऊक होतं, आणि ते मिशीत हसत होते.

मी दोन्ही घरी बघायला आणले आणि माझी झोप उडाली. मोठा स्पीकर आणि भोकाचं एकच खोकं, की दोन लहान स्पीकर आणि दोन बंद खोकी? की माझा भाऊ दत्ता म्हणत होता तसं मोठा स्पीकर सरळ माठाच्या तोंडावर बसवायचा? तेव्हा बऱ्याच पोरांनी माठाचे स्पीकर केले होते, माठ घुमायचाही झकास. सकाळी उठले की मी मोठ्याच्या बाजूनं असायचे, दुपारी जोडीच्या. जमिनीवर खडूनं खोक्यांची मापं काढायचे, आई ती सारवताना पुसून टाकायची, मी परत काढायचे. दत्ताला गाणं कमी आणि दणका जास्त हवा होता. आप्पांनाही मोठंच हवं होतं, कारण मोठ्या वस्तूकडे पाहुण्यांचं लक्ष जातं. मी माठावर मोठा स्पीकर ठेवून बघितला. संबळ असा आला की दत्ता नाचायलाच लागला. पण बायका काय म्हणतात ते कळेना, सगळं विहिरीतून आल्यासारखं. मग तोच एका खोक्यात बसवून पाहिला, भोक ठेवलं, भोक बुजवलं, परत ठेवलं. दत्ता कंटाळून म्हणाला, "आक्के, लग्न ठरवायला बी येवढं बगत न्हाईत." मी त्याच्यावर पक्कड उगारली. मला खरोखरच ठरवता येत नव्हतं, आणि ठरवता येत नाही याचा संताप येत होता. दोन्हीचं मला थोडं थोडं हवं होतं आणि चाचा तर एकच देणार होते.

निकाल लावला आईनं. ती गहू भिजवून त्याचा चीक शिजवत होती, कुरडयांचे दिवस होते. आम्हाला वाटीत गरम चीक, त्यावर गूळ आणि दूध घालून द्यायची, ते खात खात माझा रोजचा घोळ चालू होता. ती हाटतानाच म्हणाली, "दणक्याला यात्रेत लाउडस्पीकर असत्यात की. घरात मला शब्द ऐकू यायला पायजेत. म्या काय म्हणायले आन् मागनं बायका काय म्हणायल्या, येगयेगळं कळायला पायजे. तुला काय करायचं ते कर, पर येवढं होऊ दे." वेगवेगळं कळायला पाहिजे म्हटल्यावर प्रश्नच संपला. एका खोक्यात दोन्ही वायरी जोडल्या की डावं-उजवं एक होऊन जाणार. मी त्याच दुपारी मोठा स्पीकर चाचांना परत नेऊन दिला. चाचा म्हणाले, "पस्तावशील." मी म्हटलं, पस्तावू द्या. सोळाव्या वर्षी असं बोलायला काही लागत नाही.

खोकी मी जुन्या दाराच्या फळ्यांची केली. दत्तानं करवत धरली आणि माझ्या मापापेक्षा आपल्या नजरेवर विश्वास ठेवला, म्हणून एक खोकं दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच झालं. बंद खोक्याचं सगळं गणित त्यातली हवा कोंडली जाण्यावर असतं, फटीतून सुटली तर आवाज पोकळ येतो. आता हवा कोंडायची तर फटी कशानं बुजवायच्या? आमच्या रानात तेव्हा धनगराच्या मेंढ्या खतासाठी बसवल्या होत्या. त्या धनगराची बायको घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत होती, आणि ती खळ वाळली की घोंगडी पत्र्यासारखी ताठ होते हे मी लहानपणापासून बघत आले होते. मी तिच्याकडून घोंगडीचे तुकडे आणले आत अस्तराला, आणि वाटीभर खळ आणली फटींना. खळ दणदणीत बसली. दोन दिवस मी स्वतःवर इतकी खूश होते की काही विचारू नका. तिसऱ्या दिवशी डावं खोकं कुजबुजायला लागलं. कान लावला तर आत बारीक सळसळ. स्पीकर काढून बघते तर खळीवर मुंग्यांची जत्रा भरलेली, फटीफटीतून रांगा. दत्ता लोळून लोळून हसला. आईनं भोवती हळदीची रेघ ओढली, मुंग्या खोक्यातून बाहेर येऊन हळदीपाशी थांबल्या आणि परत आत गेल्या. शेवटी सगळी खळ खरवडून काढली आणि मेणबत्त्या वितळवून फटी भरल्या.

आता माझा नातू हातात मावेल एवढा गोल डबा आणतो. त्याला वायर नाही, फट नाही, मुंगीला आत जायला जागा नाही. "आजी, बेस बघ," म्हणतो. बघते मी, बेस असतो. पण गाणारी सगळी माणसं एकाच जागेवरून येतात, त्यात कोण कुठं बसलंय ते कळत नाही. त्याला मी हे सांगत नाही, कारण मग तो डबा मी उघडीन अशी त्याला भीती वाटते, आणि ती काही अगदीच खोटी नाही.

चैत्री पौर्णिमा जवळ आली होती. आमराईत यंदाही आईनंच पुढं बसायचं होतं, आणि त्याआधी आपलं मागच्या सालचं गाणं नीट ऐकायची तिला घाई झाली होती. भर दुपारी लाईट आली. आई अंगणाच्या सावलीत सोऱ्यानं कुरडया पाडत होती. भिंतीपलीकडेही सोऱ्याचा आवाज येत होता, काकूंच्याही कुरडया चालल्या होत्या. मी एक खोकं दाराकडच्या ओट्यावर ठेवलं, दुसरं भिंतीकडच्या बाजूला, आणि मधे डेक. आप्पा बाजेवर बसले. कॅसेट लावली.

ते पहिले काही क्षण मी कधी विसरणार नाही. संबळ मागं गेला, मेळा पसरून बसला, आणि डाव्या बाजूला, ओट्यावर, आई येऊन बसली. खरी आई समोर हाताला चीक माखून उभी आणि दुसरी आई ओट्यावर गायला लागलेली. उजवीकडे भिंतीपाशी कमलकाकू. त्यांचा श्वास घेतल्याचासुद्धा आवाज येत होता. आई हसली, तोंडावर पदर घेऊन. "आगं बया, किती खरं यायलंय!" आप्पा उठून उभे राहिले. मला इतका आनंद झाला की मी एका जागी थांबू शकेना, या खोक्यापासून त्या खोक्यापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होते.

मग वरची ओळ आली, आणि डावं खोकं बंद पडलं. म्हणजे मला तसंच वाटलं. संबळ दोन्हीकडून येत होता, पण आईचा आवाज ओळीच्या तोंडाशी थांबला आणि तिथं नुसती हवा आली, बांगड्या आल्या, झांज आली. ओळ चढली ती उजवीकडून, भिंतीच्या बाजूनं. आप्पा जोरात म्हणाले, "बघ, काय गळा चढलाय हिचा!" मी म्हटलं, थांबा, मुंग्या गेल्या परत. डाव्या खोक्याला चापट मारली, कॅसेट मागं घेतली, परत लावली. परत तेच. खोकं उघडून बघितलं, मुंगी नाही. वायर ओढून बघितली, पक्की. मग मी कुणीही करेल ते केलं, वायरींची अदलाबदल केली. डावीची उजवीला, उजवीची डावीला. खोकं बिघडलं असेल तर बिघाड डावीकडेच राहील. कॅसेट परत लावली. आता आई भिंतीपाशी गायला लागली आणि काकू ओट्यावर. वरची ओळ आली, भिंतीकडचं खोकं मुकं झालं, आणि ओट्यावरून ती ओळ उठली.

मला तेव्हाच कळलं आणि मी वळून आईकडे बघायचं टाळलं. आई म्हणाली, "परत लाव." मी लावलं. "आता काकूचं बंद कर. नुसती मी ऐकू दे." मी बॅलन्सचं बटण एका टोकाला फिरवलं. ओळीच्या जागी पुन्हा हवा, बांगड्या, आणि अगदी हळू, घशातल्या घशात घासल्यासारखं काहीतरी. आई ऐकत राहिली. तिच्या हातातला चीक वाळून पांढरा झाला होता. मागच्या हिवाळ्याआधीच्या हिवाळ्यात तिला मोठा खोकला झाला होता, तेव्हापासून तिचा वरचा सूर गेला होता, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं. ती तोंड उघडायची, जीव लावून श्वास सोडायची, आणि कानाला लागून तोच सूर ऐकू यायचा. तो आपलाच, असं ती समजत आली होती. आप्पा काही न समजून म्हणाले, "बंद काय केलंस? चांगलं चाललं हुतं की." तेव्हा माझ्या लक्षात आलं की भिंतीपलीकडचा सोऱ्याचा आवाज केव्हाचा थांबलाय.

त्यानंतरचे दिवस मला नको झाले होते. आई कामं करायची, पण एक काम पुरं होत नव्हतं. भाकरी तव्यावर टाकून ती दारात यायची, करपल्याचा वास आला की आत पळायची. मला वाटायचं, ही खोकी उचलून विहिरीत टाकावीत. चाचांचं ऐकलं असतं, एकच मोठं खोकं केलं असतं, तर दोन्ही आवाज एकत्र राहिले असते आणि आई आमराईत आनंदानं बसली असती. एकदा मी बोलूनही दाखवलं. "आई, म्या हे केलंच नसतं तर बरं झालं असतं." ती माझ्यावर खेकसली. "येडी हाईस का? मग म्या म्हातारी होस्तोवर हवा सोडीत बसले असते, आन् ती बापडी माझ्यासाठी जीव काढीत ऱ्हायली असती." पहिल्यांदाच तिनं काकूंना बापडी म्हटलं होतं. पण आमराईत ती काय करणार, हा प्रश्न माझ्या डोक्यातून हलेना. बसली तर तिला ठाऊक असणार की ओळ आपली नाही. नाही बसली तर गाव विचारणार, परडी घरात असून का नाही बसली, आणि मग दोघींपैकी कुणाला तरी खाली बघावं लागणार.

पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी आप्पा आणि दत्ता रानात गेल्यावर आईनं भिंतीकडचं खोकं स्वतःच्या हातानं उचललं. मी वायरी आता पहिल्यासारख्या लावल्या होत्या, म्हणजे त्यातून काकूच यायच्या. "वायर लांब हाय का?" तिनं विचारलं. होती. मला तिनं पाट्यावर उभं केलं. "काकूला दे भिंतीवरनं. काय बोलू नको." मी हाक मारली. पलीकडे काकू आल्या, वर बघितलं, आणि काही न विचारता त्यांनी दोन्ही हात वर केले. खोकं मी त्यांच्या हातात सोडलं. आई म्हणाली, "लाव."

गाणं सुरू झालं. आमच्या अंगणात फक्त आई गात होती, भिंतीपलीकडे फक्त काकू. वरची ओळ आली तेव्हा आमचं अंगण रिकामं झालं आणि ती ओळ पलीकडच्या घरातून, पलीकडच्या पत्र्यावरून, स्वच्छ वर गेली. आई भिंतीला हात लावून उभी होती. मला रडू फुटत होतं आणि मी ते दाबण्यासाठी उगाच डेकचा एक स्क्रू घट्ट करत होते. ओळ संपली, आणि उजवीकडची वायर एकदम सैल पडली. काकूंनी ती उपटली होती. मला वाटलं, झालं, आता भांडण. जरा वेळानं गल्लीच्या बाजूनं पावलं वाजली आणि काकू खोकं कमरेवर घेऊन आमच्या दारात आल्या. वाटणीनंतर पहिल्यांदा.

"आक्का, हे एकलंच खोकं माझ्याकडं कशाला दिलं तुमी? अर्धंच गाणं यायलंय ह्यातनं."

"अर्धं कुणाचं हाय ते ऐकलंस न्हवं?" आई म्हणाली.

काकूंनी मान खाली घातली. खोकं अजून कमरेवरच.

"कवापसनं, कमल?"

"तुमाला खोकला झाला तवापसनं. पैल्यांदा ओळ मधीच पडाया लागली, म्हून म्या धरली. मग धरतच ऱ्हायले."

"मला सांगायचं तरी."

"आपुन बोलत हुताव का?" काकू फटकन म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज उतरला. "आन् बोलत असते तरी काय सांगितलं असतं? तुमचा गळा गेला म्हून? माझ्या तोंडातनं निघालंच नसतं ते. लई राग हुता मला तुमचा. पर ओळ पडू द्यायची व्हय? ती काय तुमची-माझी हाय? डोंगरावरल्या आईची हाय ती."

आई ओट्यावर खाली बसली. तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही. "आमराईत वरची ओळ तू म्हण," ती म्हणाली. "चोरून न्हाय, उघड म्हण. पुढं बस. म्या मागनं झील धरते."

"लोक काय म्हणतील, आक्का?"

"लोकांला तर गेल्या सालापसनं तुझीच आवडायलीय."

काकू हसल्या की रडल्या ते मला अजून सांगता येणार नाही. त्यांनी खोकं ओट्यावर ठेवलं आणि तिथंच बसल्या. मी चीक गरम करून दोघींना वाट्या दिल्या. गूळ मी जास्त घातला होता, आणि काकू तसं म्हणाल्यासुद्धा.

पौर्णिमेनंतर पालखी आमराईत आली त्या दिवशी मला ताप नव्हता तरी मी तापल्यासारखी झाले होते. आप्पा माझ्याशेजारी बसले होते, त्यांना घरी कुणी काही सांगितलं नव्हतं. काकू पुढं बसल्या तेव्हा बायकांत कुजबूज झाली. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी आंब्याच्या फांदीकडे. गाणं चढत गेलं, आणि वरची ओळ काकूंनी उचलली. सगळ्यांना ऐकू आलं आणि सगळ्यांना दिसलंही, कारण आईचं तोंड बंद होतं. आप्पा सवयीनं शेजाऱ्यांकडे बघायला वळले आणि अर्ध्यात थांबले. ओळ संपली. आता झील यायला हवी होती, पण आईला झील धरायची सवय उरली नव्हती, मान मिळाल्यापासून तिची झील दुसऱ्यांनी धरलेली. एक लहानशी रिकामी जागा पडली. बाकीच्या बायका आईकडे बघत थांबल्या. काकूंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं, संबळवाल्याला हातानं जरा थांबवलं, आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, या वेळी थोडी खालून, आईचा गळा पोचेल अशी. आईनं ती धरली.